तळचं संत्रं

बळीराम नासरे कुणाच्या बापाला भीत नाही, असं अख्खं कळमना सांगायचं. एकतीस वर्षं तो तिथल्या संत्रा बाजारात लिलाव पुकारत आला होता. ढिगाशी उभा राहून असा आवाज लावायचा की पलीकडच्या शेडमधले व्यापारी हातातला चहा तसाच ठेवून यायचे. पण कळमन्याला काय माहीत! हा गडी सुईला एवढा भ्यायचा की पोरीला लस टोचायलासुद्धा त्याने बायकोला, कौसल्येला, एकटीलाच पाठवलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर हातगाडीचा दांडा थोबाडावर बसला आणि वरचे पुढचे तीन दात गेले. त्याने कवळी करून घेतली. एका सकाळी भर लिलावात 'बत्तीस हजार' पुकारताना ती सुटली आणि थेट ढिगावर जाऊन पडली. बाजार हसला, बळीरामही हसला. अडते मधुकरराव, ज्यांच्या दुकानावर तो पुकारायचा, ते त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "पक्के दात बसवून घे गा. नाही तं मृगाच्या मालाले मले दुसरा मानूस पाहा लागन." मृगाचा माल, म्हणजे मृगाच्या पावसात धरलेली संत्री, होळीच्या आगेमागे येतो. म्हणजे हातात तीन-चार महिने होते.

म्हणून नवराबायको सदर भागातल्या दातांच्या दवाखान्यात आली. डॉक्टर मिनल त्यांच्या पोरीच्या वयाची होती. तिने कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली आणि आधी विचारलं, "काका, शुगर आहे का?"

"नाही," बळीराम तोंडावर हात धरून म्हणाला. कौसल्येने चमकून पाहिलं, तसा त्याने तिच्या पायावर पाय दिला. शुगर दोन वर्षांपासून होती. पण बाजाराने त्याला एकच शिकवलं होतं. चांगला माल वर मांडायचा, डागी तळाला. घेणाऱ्याने हात घालून पाहावं, आपण कशाला बोंबलायचं? शिवाय रोग सांगितला की भाव वाढेल, हा त्याचा हिशेब.

मिनलने कागदावर चित्र काढून दाखवलं. हाडात बसणारा स्क्रू, त्यावरचा जोड आणि सगळ्यात वर दात. "तिन्ही दातांचे मिळून एक लाख पाच हजार."

पहिल्या भावाला तोंड उघडायचं नाही, ही जुनी सवय. तो गप्प राहिला.

"तीन स्क्रू लागतीलच असं नाही," मिनल म्हणाली. "दोन स्क्रूंवर तिन्ही दात बसतात. ऐंशी होतील."

तो गप्पच.

"वेगळ्या कंपनीचे स्क्रू घेतले तर पासष्ट."

आता मात्र बळीराम खरोखर घाबरला. लाखाला धस्स झालं नव्हतं एवढं पासष्टला झालं. असा भराभरा भाव कधी उतरतो ते त्याच्याइतकं कोण जाणणार! नक्की कुठं तरी पाणी मुरत होतं.

"मॅडम, इतक्या उतरून राहिल्या, मंग तळाले काय आहे?"

"काही नाही, काका. स्क्रू कमी, कंपनी वेगळी, काम तेच. फक्त हाडाने स्क्रू धरला पाहिजे. शुगर चढलेली असली तर जखम भरत नाही, पू होतो, स्क्रू हलतो. मग पैसेही गेले आणि हाडही. म्हणून तर आधी विचारलं. तुम्हाला शुगर नाही, म्हणजे होळीपर्यंत दात."

शेजारच्या खोलीत मशीन घरघरत होतं. गप्प बसलं तर होळीपर्यंत दात, मृगाचा माल, आपला आवाज. आणि हाड सडलं तर? कौसल्या त्याच्याकडे पाहत होती. इतक्या वर्षांत आपला ढीग आपणच उपसून दाखवणारा एकही विकणारा त्याने पाहिला नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला, "मी खोटं बोललो. मले शुगर आहे. गोळी कधी घेतो, कधी नाही."

मिनलने पेन खाली ठेवलं. "मग आधी तीन महिने शुगर आटोक्यात आणायची. स्क्रू त्यानंतर. दात बसता बसता पावसाळा येईल."

म्हणजे होळी हुकली आणि मृगाचा मालही. मधुकररावांचा दुसरा माणूस त्याला आत्ताच ढिगाशी उभा दिसू लागला.

"आत्ता किती आहे ते पाहू," म्हणत मिनलने सुई काढली. बळीरामने डोळे मिटले, कौसल्येचा हात घट्ट धरला आणि बोट पुढे केलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो दुसऱ्याने आकडा पुकारायची वाट पाहत होता.

"तीनशे बारा."

सवयीने त्यानेही मागोमाग तो आकडा मोठ्याने म्हणून पाहिला. कवळी ट्रेमध्ये पडलेली होती. पुकाऱ्याऐवजी दातांच्या फटीतून नुसती हवा आली.