कंदिलातल्या किड्याचं तोंड पाहायला यवतमाळला

...सडा टाकून झाला होता, चुलीवर आंधण होतं आणि मी कंदिलाची काच पुसायला घेतली. आत मेलेल्या किड्यांचा थर. सांजेला तळ्यावर धुरासारखे उठतात, तेच. रोज फुंकून टाकायचे. त्या दिवशी दहा-बारा काडेपेटीत ठेवले. दुसऱ्या पेटीत मच्छरदाणीत मारलेला एक डास.

साठ-एकसष्टची गोष्ट. आमचे हे हिवतापाने गेले, त्याला वर्ष होत आलं होतं. या किड्यांनीच नेले असं धरून मीच पंचायतीत अर्ज केला होता, की तळ्यात तेल ओता. दोन दिवसांनी ओतणार होते. तळ्यावर पोट असलेल्या भोयांच्या मासोळ्या मरतील हे मला माहीत होतं. पण सरकारी हिवतापाच्या पुस्तिकेत वाचलं, डासाला रक्त ओढायला लांब सोंड असते. काचेतल्या किड्यांना ती काही केल्या दिसेना.

आमच्या बोरी अरबहून यवतमाळला जाणार असाल तर पहाटेचीच एस.टी. धरा, नंतर उभं राहावं लागतं. डोक्याला पदर घट्ट बांधा, धूळ फार. स्टँडवर आलुबोंडा गरम मिळतो.

ह्यांचा फोटो मोठा करून देणारे रहीमभाई त्यांच्या फोटोच्या दुकानातच होते.

"भाभी, लोक लग्नाचे फोटो काढतेत. तुमी मच्छराचे काढून राह्यल्या?"

"मले याचं तोंड पाहाचं हाय, भाऊ."

"काहून?"

मी अर्जाचं सांगितलं. त्यांचं हसणं थांबलं.

"क्यामेऱ्यात एवढं बारीक नाही येत. अंदर या."

फोटो मोठा करायच्या यंत्रात फिल्म लावतात, तिथे त्यांनी दोन काचांमध्ये किडाच ठेवला. क्षणभर दिवा लावला आणि कागद औषधाच्या पाण्यात सोडला. लाल उजेडात कागद काळा होत गेला आणि मधोमध तळहाताएवढा पांढरा जीव उमटला. डोक्यावर मोरपिसासारख्या दोन मिशा, लांब नाजूक पाय. एवढी कारागिरी मी रोज फुंकत होते!

सोंड नव्हती. दुसऱ्यालाही नाही, तिसऱ्यालाही नाही. मग डास ठेवला. दाभणासारखी सोंड सरळ पुढे आली.

"तुमचा गुनेगार हा दुसरा हाय, भाभी," रहीमभाई हळूच म्हणाले.

घरी परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. ह्यांना नेमका कुठला डास चावला, ते कुठलाच फोटो सांगणार नव्हता. दुःख होतं तेवढंच राहिलं, फक्त तळ्यावरचा राग गेला.

दुसऱ्या दिवशी मी फोटो घेऊन पंचायतीत गेले आणि माझा अर्ज मागे घेतला.