बिनमुकुटाची राणी

मी दुसरेपणावर दिलेली. लग्नात माझ्या गळ्यात दोन गोष्टी पडल्या. मंगळसूत्र यांनी बांधलं आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला राणीछाप रुपया सासूबाईंनी. "ही तुजी थोरली भैन. हिला इसरू नको, म्हंजी ती तुला सांबाळंल," एवढंच त्या म्हणाल्या. थोरली म्हणजे यांची पहिली बायको, बाळंतपणात गेलेली. दुसरी घरात आली की पहिलीचा जीव तळमळतो, म्हणून तिला गळ्यात वागवायचं अशी आमच्याकडची रीत. ऐपतीची माणसं बाईची मूर्ती उठवून सोन्याचा टाक घडवतात. आमच्यासारखे राणीच्या रुपयालाच कडी लावून घेतात. बाईचा चेहरा आहे ना त्याच्यावर, झालं तर मग. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, सणाचा पहिला घास तिचा, आणि रोज कुंकवाचं बोट आधी तिच्या कपाळाला, मग आपल्या.

आमचा रुपया फार जुना होता. एरवीच्या रुपयावर राणी मुकुट घालून बसलेली असते. आमची कोवळी होती, डोक्यावर काही नाही, नुसते केस मागं बांधलेले. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी फरशीवर पाय ठरत नाही, पण तो रुपया छातीला गारच लागायचा. सकाळी उठून बघावं तर चेहरा आतल्या बाजूला, माझ्याकडं वळलेला. लई भ्यायची मी. सांगणार कुणाला? माहेरी सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, बिजवर असला तरी मिलातला कारकून मिळालाय, गप नांद.

यांना नाण्यांचा नाद. पत्र्याच्या डब्यात सगळी एकत्र भरलेली, दर रविवारी ती सतरंजीवर ओतून बसायचे. एकदा ऑफिसातून तणतणतच आले. तिथल्या कुणा मोठ्या साहेबाला डबा दाखवला होता, तर तो हसला. म्हणे, याला संग्रह म्हणत नाहीत, ही मोड झाली. एक विषय धरा आणि त्याचीच नाणी जमवा. झालं, त्या दिवसापासून घरात दुसरं बोलणं नाही. जेवतानाही विषय. आधी शिवराई धरली, पण ती भाजीवालीच्या कनवटीलाही सापडते म्हणून सोडली. मग मोगलाईतला, निजामाचा हाली रुपया धरला. तिकडून कापूस घेऊन येणाऱ्या गाडीवानांना गाठून गाठून दमले आणि तोही सोडला. असेच एकदा जेवत होते, मी भाकरी वाढायला वाकले आणि यांचा हात ताटात थांबला. बघत होते माझ्या गळ्याकडं. मी पदर ओढून घेतला.

"राणी," हे म्हणाले. "विषय राणीच धरायचा."

आणि खरंच डबा भरायला लागला. भोक पाडलेला, कडी लावलेला रुपया बाजारात चालत नाही, सराफाकडं मोडीत येतो. हे तेवढेच हेरून आणायचे, स्वस्त पडतात म्हणून खूश असायचे. मखमल लावलेली एक पेटी केली आणि ती स्वयंपाकघरासमोरच्या कोनाड्यात उभी ठेवली. राण्या सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या. मी चुलीपुढं बसले की त्या रांगेनं माझ्याकडं बघतायत असं वाटायचं.

बिनमुकुटाची मात्र यांना मिळेना. ती होती माझ्या गळ्यात. सासूबाई तेव्हा केमला लेकीकडं गेल्या होत्या, शेतात हरभरा काढायला आला होता म्हणून. मला सातवा लागलेला. हे म्हणाले, तो रुपया मला दे, तुला मुकुटाची देतो, कडी लावलेली, तयार. मी नको नको म्हटलं. चांदीचा तुकडा तो, त्याला कसलं भ्यायचं, म्हणून हसले. खोटं कशाला बोलू, काढून दिला तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं.

पण नवा रुपया गार नव्हता. ऊन होता. पहाटे आंघोळ करून घातला तरी ऊनच, आत्ता कुणाच्या तरी गळ्यातून काढून दिल्यासारखा.

एका रविवारी दुपारी यांनी रिठ्याच्या पाण्यात नाणी घातली आणि ब्रशानं घासायला बसले. शेजारी माग चालू होते, त्या खटखटीत मी तांदूळ निवडत होते. सहज नजर गेली. घंगाळातलं पाणी लालभडक झालं होतं. राणीच्या केसांतून, डोळ्यांच्या खाचेतून, कानामागून कुंकू सुटत होतं. खाली लावलेल्या मेणात बसलेलं, वर्षानुवर्षांचं. प्रत्येक रुपयातून सुटत होतं. हे म्हणाले, केवढा मळ आहे बघ. आपण कुणाला घरात आणलंय ते मला त्या पाण्यात कळलं.

चार दिवसांनी सासूबाई आल्या. त्यांना अंधूक दिसायचं. आल्या आल्या माझ्या पोटावरून हात फिरवला, मग गळ्याला हात लावला आणि बोटं रुपयावर थांबली.

"ही आपली न्हाय," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. भिंतीला टेकून खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "जित्तेपनी कोन काढतंय का गं हे गळ्यातनं? सराफाकडं कवा येतं हे? घालनारी बी गेली की मगच."

म्हणजे त्या पेटीतल्या एकेका रुपयामागं दोन दोन बायका होत्या. आणि त्यातलाच एक माझ्या गळ्यात होता, ऊन. मी तिथंच दोरा तोडला. पोटातलं लेकरू त्या क्षणी असं काही फिरलं की मी चौकटीला धरून उभी राहिले.

"तिची तिला दे," सासूबाई यांना म्हणाल्या.

हे पेटीपाशी गेले आणि तसेच उभे राहिले. मधल्या दिवसांत यांना आणखी एक बिनमुकुटाची मिळाली होती. दोन्हींच्या कड्या कापलेल्या, भोकं बुजवलेली, घासून दोन्ही लख्ख. सासूबाईंनी दोन्ही चाचपल्या, पुन्हा चाचपल्या, आणि खाली ठेवल्या. मी यांच्याकडं बघत राहिले. शेवटी यांनी एक उचलली.

"ही."

"कशावरनं?" सासूबाई म्हणाल्या.

"मला ओळखू येणार नाही का, आई?"

तिच्याशी संसार यांनी केलेला. पुन्हा कडी लावून रुपया गळ्यात आला आणि गार लागला. त्या गारव्याचं मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. बाळंतपण अवघड गेलं. सुईण आशा सोडून बसली होती. मी रुपया मुठीत धरून अक्का, अक्का म्हणत होते, तेवढं आठवतं. मुलगी झाली. दोघी वाचलो.

यांनी विषय सोडला आणि मुकाट शिवराईकडं वळले. पेटी सासूबाईंनी देवघराखाली ठेवली. अविधवा नवमीला तिच्यापुढं पान वाढायचं, एवढं त्यांनी मला लावून दिलं. ते मी अजून चालवते.

पुष्कळ वर्षांनी हे अंथरुणाला खिळले. एका सकाळी मी पेज भरवत होते, तर माझ्या गळ्याकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी मला ओळखू आलं नव्हतं गं. तुम्ही दोघी घाबरला होता. मी आपली एक उचलली." मी वाटी खाली ठेवली. रागवावं तरी कुणावर? दोन दिवसांत हे गेले.

मंगळसूत्र उतरलं. मग मी पेटीतली दुसरी काढली, दोन्ही तळहातावर घेतल्या. दोन्ही गारच लागल्या. दुसरीलाही कडी लावून घेतली आणि त्याच दोऱ्यात ओवली. त्यांतली एक आमची. दुसरी कुणाची, कुठल्या घरची, कोण जाणे. माझ्या बाळंतपणात मुठीत त्यातली कोणती होती तेही आता कळायचं नाही. माझं कपाळ मोकळं असतं, पण रोज आंघोळ झाली की दोघींना कुंकू लावते. सकाळी उठून बघते तेव्हा दोघींचे चेहरे आत, माझ्याकडंच वळलेले असतात.