येतो बरं, सूनबाई

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. वाशीमला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान होतं. चार्जिंग संपलं की माणसांच्या अंगात येतं, एवढंच भूत मी पाहिलेलं. त्या कटकटीला वैतागूनच दुकान विकलं आणि मी नि माझी बायको मंदा मेडशीजवळ घेतलेल्या शेतात राहायला आलो. लाईट नाही, नळ नाही, मोबाईल नाही. विहिरीवर रहाट, घरात चूल.

मी खूश... मंदा मात्र माणसांवाचून सुकत चालली. "झाडाईसंग किती बोलू?" म्हणायची. शेवटी तिनं बाजारातून भावाला निरोप धाडला. तो संध्याकाळी येणार आणि ती वाशीमला जाणार — कायमची. माझा जीव कासावीस झाला होता, पण अडवायचं कोणत्या तोंडानं?

दुपारी ती बॅग भरत होती. तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला — "येतो बरं, सूनबाई!"

मी बाहेर धावलो. सोयाबीन निघालेलं, रान मोकळं, लांबवर दिसत होतं... कोणीच नाही. आणि तिला सूनबाई म्हणणारं तिथं होतं तरी कोण?

आत येतो तर ही परातीत पीठ मळतेय.

"अवं, जातानी म्हणतेत तसं येतो," मी म्हणालो. "गेला तो."

"येतो म्हणला ना? मंग येईन. एकटा कायले, चारजण घेऊन येईन."

टोपलंभर भाकरी थापल्या, पातेलंभर झुणका केला. मला हसूच आलं.

दिवस कलताना साखरपुड्याहून परतणारा एक टेम्पो आमच्या नाल्यात रुतला. बायका, म्हातारे, लेकरं — सगळे चिखल तुडवत आमच्या दारात! मंदाचा भाऊ आला तेव्हा ती वाढत होती, आणि बॅगेतली लुगडी-चादरी पाहुण्यांखाली अंथरलेली होती.

"ताई, निघाचं ना?"

"पावने टाकून? तू बस जेवाले."

त्यानं ताट ओढलं. मला रडू आलं, ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

एकेका म्हाताऱ्याला मी विचारलं. दुपारी सगळे मांडवातच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाचा भाऊ एकटाच परतला. पाहुणे निघताना सगळेच "येतो बरं" म्हणाले आणि आता मेडशीला जाता-येता खरंच चहाला थांबतात. पण तो आवाज त्यांच्यातल्या एकाचाही नाही.

आम्ही दोघांनी ऐकलेला तो आवाज कोणाचा, मला आजही सांगता येत नाही. मंदाला त्याचं काही पडलेलं नाही. ती रोज एक भाकरी जास्त थापते.

"येतो म्हणला ना," म्हणते, "तो कुठं आला अजून?"