हजेरी क्रमांक पाचपासून पुढे

तेरच्या स्टँडवर मी मुलीला म्हणालो, "बघ गं, कुठली गाडी आली?" तिने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत पाटीकडे. "धाराशिव," म्हणाली. गाडी कळंबची होती. पाटीवर तीनच अक्षरं होती.

मुलगी तिसरीत होती. त्याआधी पंधरा दिवस शाळेने मुलांची वाचन चाचणी घेऊन वर्गाचे दोन गट केले होते. ज्यांना शब्दापलीकडे वाचता येत नाही त्यांचा शब्द गट. त्यांना रोज पहिला तास एक बाई वेगळं बसवून शिकवायच्या. ज्यांना गोष्ट वाचता येते त्यांचा गोष्ट गट. त्यांच्याकडून सर शिष्यवृत्तीची तयारी करून घ्यायचे. माझी मुलगी गोष्ट गटात आली होती. दूध संकलन केंद्रावर, जिथे मी काम करतो, तिथे मी हे निदान वीस जणांना सांगितलं होतं. त्यामुळे स्टँडवर मला राग आला तो आधी माझाच.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. सर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"पोरगी हुशार हाय तुमची. गोष्ट गटात हाय."

"तिला कळंब वाचता येत न्हाय."

"घरी लाडानं करती तसं."

मी यादी मागितली. मी पालक समितीत असल्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. यादीत चौदा मुलं. हजेरी क्रमांक एक ते चार, सगळी शब्द गटात. पाचपासून पुढे सगळी गोष्ट गटात, फक्त नऊ नंबरची मुलगी सोडून. वर्गातली कच्ची मुलं नेमकी पहिल्या चार नंबरांत गोळा व्हावीत, हे काही पटेना.

"नऊ नंबर खाली का?"

"त्या दिवशी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी एकटीची घेतली."

"आणि बाकीच्यांची?"

"व्हरांड्यात. रांगेनं."

"सगळ्यांना एकच गोष्ट?"

"मग काय चौदा गोष्टी आणू?"

एवढ्यावरून सगळं उघड झालं. टेबलापासून हातभर अंतरावर रांग. पहिला अडखळला की सर शब्द सांगणार, दुसरा अडखळला की परत सांगणार. चौथ्यापर्यंत, मुलगी घरी तोंडपाठ म्हणायची ती, विहिरीवर गेलेल्या शेळीची चार ओळींची गोष्ट सगळ्या रांगेला पाठ. माझी मुलगी अकरा नंबरची. नऊ नंबर नव्हती, म्हणजे तिने ती नऊ वेळा ऐकून मग म्हणून दाखवली होती. वाचली नव्हती.

मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमी दुधाचं बघा, शाळेचं आमी बघतो."

"दुधाचंच बघतो, सर. एका कॅनचा नमुना दुसऱ्यात पडू दिला तर मला दुपारच्या आत घरी पाठवतील."

"यादी वर गेलीय. आता बदलत न्हाय."

बदलत नाही म्हणजे वर्षभर माझ्या मुलीसमोर शिष्यवृत्तीचे प्रश्न येणार होते आणि तिला त्यातला प्रश्नही वाचता येणार नव्हता. शब्द गटात तिला बाई मिळाल्या असत्या.

मी समितीची बैठक लावायला लावली. तिथे माझ्याशी सर कमी भांडले, पालक जास्त. एका मुलाची आई म्हणाली, "सोताच्या लेकराला ढ लिवून घ्यायला आलेला बाप पयल्यांदा बघितला." सगळे हसले. एक गृहस्थ म्हणाले, "तुमची बसवा खाली. आमची कशाला वढता?" मी म्हणालो, तुमचं लेकरू सातव्या नंबरला होतं, म्हणजे सहा वेळा ऐकून आलंय. त्यांनी मला मारायचंच बाकी ठेवलं. घरी बायको दोन दिवस बोलली नाही. मुलीने कुठून तरी सगळं ऐकलं होतं. तिने माझ्या हातून वेणीसुद्धा घालून घेतली नाही.

तरी चाचणी परत झाली, कारण मी लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच मागितली. या वेळी दार लावून, एकेकाला आत घेऊन, प्रत्येकाला पुस्तकाचं वेगळं पान. गोष्ट गटातल्या नऊपैकी तीन वर राहिले. सहा खाली आले, माझी मुलगी धरून. ती बाहेर आली आणि माझ्या बाजूने न जाता नळाच्या बाजूने गेली.

मला वाटलं, झालं. सरांनी यादी माझ्यासमोर सरकवली. "आता अकरा झाले खाली. पाचांकडं बघत हुत्या बाई. अकरांकडं कसं बघतील? नऊ नंबरची पोरगी परवा जोडाक्षरावर आली हुती. आता तिच्या वाट्याला किती मिनिटं येतात ते तुमीच काढा हिशेब."

हे मी धरलंच नव्हतं. सरांना माझ्यावर डाव उलटवायचा होता, पण म्हणणं खरं होतं. मी तिथेच उभा राहून हिशेब केला आणि म्हणालो, "वर तीनच उरलेत. त्यांना गणितं देऊन बसवा. पहिल्या तासाला सहा तुमी घ्या, पाच बाईंकडं राहू द्या."

"माझं काम तुमी ठरवणार?"

"न्हाय. मग मी अकराही पालकांना सांगतो की सर तीन पोरांसाठी तास घेतेत."

 त्यांनी पेनाने यादीवर रेघ मारली आणि सहा नावं स्वतःकडे घेतली. माझ्या मुलीचं पहिलं.

"घेतली. आता वाचली न्हाय तर मला इचारायचं न्हाय."

"तुमालाच इचारणार. दर शनिवारी."

आणि विचारतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी फाटकात असतो. सर मला नमस्कार करत नाहीत. कुठलंही एक पान उघडून मुलीच्या हातात देतात आणि दुसरीकडे बघत उभे राहतात. ती बोट ठेवून वाचते, अडते, परत मागे जाऊन वाचते. गेल्या शनिवारी पाच ओळी झाल्या. दोन शब्द चुकले. घरी येताना ती माझ्यापुढे दहा पावलं चालत होती, आणि मी हाक मारली तरी थांबली नाही.