मलम लावून पाण्यात उतरू नये

माझे थोरले बंधू उभे आयुष्य एका उघड्या तरणतलावावर पोहणे शिकवीत होते. असंख्य लोकांची पाण्याची भीती त्यांनी मोडली. उन्हाची भीती मात्र स्वतः कधी बाळगली नाही. अखेर नाकाच्या शेंड्यावरचा एक बरा न होणारा चट्टा डॉक्टरांना कापून काढावा लागला. "यापुढे ऊन टाळा. जायचंच झालं तर चांगलं सनस्क्रीन लावा," एवढे बोलून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळले. चांगले म्हणजे कोणते, हे सांगण्यास त्यांना सवड नव्हती. ती कोणालाच नसते.

तेव्हापासून दादा घरी होते. एकदा कपाटातली पोहण्याची जुनी चड्डी हुंगताना वहिनींनी त्यांना पकडले. "क्लोरिनचा वास अजून आहे गं," ते ओशाळून म्हणाले.

वहिनी द्रवल्या, पण अट घालूनच. "वन्संनी पास केलेलं क्रीम आणा, मग खुशाल जा."

"आमचं तक्रारखातं? त्याच्या हातून देवसुद्धा पास व्हायचा नाही!" दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

दादांनी दुकानातून पिशवीभर नळ्या आणल्या. मी भिंग घेऊन बसले. पहिलीवर ‘पूर्ण संरक्षण’ असे ठसठशीत लिहिले होते. असे संरक्षण कोणतेच मलम देत नाही. दुसरीवर पन्नासचा आकडा मिरवत होता. परंतु तो आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या किरणांपुरता असतो, आणि अधिक खोल शिरणाऱ्या किरणांविषयी तिथे चकार शब्द नव्हता. तिसरी ‘तज्ज्ञांनी तपासलेली’ होती. तपासून तज्ज्ञ काय म्हणाले, ते गुलदस्त्यात. चौथीत सुगंधच इतका, की दादांना शिंका आल्या. पुढे ठळक अक्षरांत वचन द्यायचे आणि मागे बारीक अक्षरांत ते परत घ्यायचे, ही रीत आता इतकी रुळली आहे की तिची चीडही मला एकटीलाच येते.

शेवटची नळी साधी होती. झिंक ऑक्साइड, दोन्ही प्रकारच्या किरणांचा स्पष्ट उल्लेख, पाण्यात किती वेळ टिकते तो कालावधी, आणि पुन्हा लावण्याची सूचना. मी ती पास केली. दादांनी घरीच अंगभर मलम फासले. "भूत दिसताय," वहिनी म्हणाल्या. भूत शीळ घालत बाहेर पडले.

परतले ते लालबुंद नाक घेऊन. मी कंपनीकडे तक्रार करण्याच्या तयारीत असताना दादा चाचरत म्हणाले, "थांब. आधी आंघोळ केली मी तिथं. साबण लावून."

"का?"

"पाण्यात उतरण्याआधी करतातच. माझाच नियम आहे."

"मग आंघोळीनंतर लाव."

तलावावर त्यांनीच रंगवलेली पाटी आहे: तेल, मलम लावून पाण्यात उतरू नये. पाण्यावर तवंग येतो म्हणून त्यांनी कित्येकांना काठावरून परत पाठवले होते. तलाव उघडतोही ऊन चढल्यावरच.

"तुझीच पाटी आहे. पुसून टाक."

"माझीच आहे म्हणून तर पुसता येत नाही."

पुढच्या रविवारी मी त्यांच्यासोबत गेले. पाटीवरचा रंग उडाला होता. ती वाचण्याची तसदी कोणी घेत नव्हते आणि माणसे चकचकीत अंगांनी बेधडक उड्या मारत होती. मी तोंड उघडणार, तोच दादांनी मला खुणेने गप्प केले. त्यांनी सावकाश मलम लावले, ते वाळू दिले, मग नळावर जाऊन दोन्ही तळवे साबणाने मनगटापर्यंत स्वच्छ धुतले. काठाशी गुडघे टेकून त्यांनी तेवढे तळवे पाण्यात सोडले.

"गार आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा मलम लावण्याची वेळ होईपर्यंत त्यांनी हात बाहेर काढले नाहीत.