व्हिटुसची घंटा

डोक्याला काळा रुमाल बांधून झेन्झी वीस वर्षं किल्ल्याच्या तिकीटखिडकीत बसली आणि वीस वर्षं चिडलेलीच राहिली. ऑलगॉयचे डोंगर बघायला आलेले लोक किल्ल्यात शिरताना आधी संडास कुठे ते विचारायचे, मग राजाराणी कुठे झोपायचे ते.

"राजा इथे नव्हताच कधी. एक कर्जबाजारी बिशप होता, तोही सर्दीनं मेला," असं म्हणत ती तिकीट फाडून हातात कोंबायची. तक्रारी जायच्या, पण तिला काढायची कुणाची छाती नव्हती.

त्या मे महिन्यातला तिचा राग मात्र वेगळा होता. किल्ल्याच्या तळघरात गुराख्यांचं संग्रहालय होणार होतं आणि झेन्झीनं घरातली, गाईच्या गळ्यात बांधायची मोठी घंटा त्याला दिली होती. गोठा विकला होता, नवरा गेला होता, मागे सांभाळायला कुणी नव्हतं. घंटा न्यायला शेजारचा माग्नुस आला. जन्मभर गुरं राखलेला माणूस, आता म्हातारपणी संग्रहालयाची ठोकाठोकी करायचा.

"आहे तशी टांगायची," तिनं बजावलं.

"हो गं बाई, आहे तशीच."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती तळघरात उतरली. घंटा लख्ख घासलेली होती. शेजारी पाटी होती, 'वाजवून पाहा.' तिनं वाकून आत बघितलं, तर लोलक मोकळा लोंबत होता.

"गवत कुठंय?"

"आतलं होय? बकऱ्यांना टाकलं," माग्नुस स्क्रू पिळत म्हणाला. "गाडीत खणखणाट नको म्हणून आपण कोंबतोच की. कुबट वास मारत होतं. आणि मळकी घंटा चारचौघांत टांगली तर आपल्यालाच नावं ठेवतील."

"ते गवत माझ्या नवऱ्यानं कोंबलं होतं. व्हिटुस कड्यावरून पडला त्या साली."

माग्नुसचा हात थांबला. एरवी शरदात गुरं डोंगरावरून फुलांनी सजून, घंटा खणखणवत उतरायची; त्या साली उतरली ती बिनफुलांची. वरच्या कुरणात माणूस गेलं की त्या दरीत तशीच उतरवतात, घंटांच्या तोंडात गवत भरून. सगळ्यांत पुढच्या गाईची घंटा व्हिटुसच्या बापानं स्वतः बंद केली आणि मरेपर्यंत ते गवत कुणाला काढू दिलं नाही. गावातून नुसता खुरांचा आवाज गेला होता. माग्नुस त्याच कळपामागून चालत आला होता.

"विसरलो गं," तो म्हणाला.

"विसरलास. माझ्या पोराचं उरलंसुरलं तुझ्या बकऱ्यांनी चघळलं, आणि तू विसरलास." तिचा आवाज भिंतींवर आपटत होता. "आता निदान ती वाजू तरी देऊ नकोस."

"उद्या सरपंच तीच वाजवून उद्घाटन करणारेत. सगळीकडे कळवून झालंय. माझ्या हातात काय आहे?"

"बकऱ्यांना चारताना बरे चालले तुझे हात."

दुसऱ्या दिवशी तळघर खच्चून भरलं. म्हातारे गुराखी ठेवणीतल्या टोप्या घालून आले होते, कोपऱ्यात वाजंत्री सज्ज होते. झेन्झी उघड्या डोक्यानं दाराशी उभी होती. इतक्या वर्षांत तिचे पांढरे केस गावानं पहिल्यांदाच बघितले असतील, पण सगळ्यांचं लक्ष सरपंचांकडे होतं. ते शहरातून येऊन इथे स्थायिक झालेले, तरुण, हसतमुख. "आपल्या दरीचा हा आनंदाचा आवाज," असं म्हणत त्यांनी घंटा जोरात हलवली.

थप्प. एवढाच आवाज आला.

पुन्हा हलवली, पुन्हा थप्प. मागे कुणीतरी खुदकन हसलं. सरपंचांनी वाकून बघितलं.

"काळं फडकं आहे हो आत. साफ करायचं राहिलं वाटतं," असं म्हणून त्यांनी हसतच आत हात घातला.

तेव्हा माग्नुसनं टोपी काढली. त्याच्या शेजारच्यानं त्याच्याकडे बघितलं, मग झेन्झीच्या डोक्याकडे, आणि आपलीही काढली. मग एकेक करत सगळ्या म्हाताऱ्यांनी काढल्या. वाजंत्र्यांनी तुताऱ्या खाली केल्या. सरपंच घंटेत हात तसाच ठेवून सगळ्यांची तोंडं बघत राहिले.

झेन्झी गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"हात बाहेर काढा, सरपंच."

त्यांनी मुकाट्यानं काढला. मग तिनं 'वाजवून पाहा'ची पाटी भिंतीवरून ओरबाडली आणि माग्नुसच्या छातीवर आदळली.

"घे. हीसुद्धा घाल बकऱ्यांना."