आबांचा डावा डोळा

आमच्या आबांच्या कपड्यांना लिंबाच्या बहरासारखा गोड वास यायचा. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. जळोचीहून ते लूनावरून एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात जायचे. तिथं साबणात घालायचं अत्तर तयार व्हायचं, आणि त्यातला मुख्य माल म्हणजे अ‍ॅसिटोफिनोन. आबांच्या तोंडी नुसता फिनोन. आई त्यांचा शर्ट भिजत घालायच्या आधी हुंगायची. मी हसले की म्हणायची, "तुला गं काय करायचंय? माझ्या नवऱ्याचा हाय."

हा फिनोन थंडीत गोठायचा, अगदी खोबरेल तेलासारखा. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. घरी तेलाची बाटली ठेवतात तसा कारखान्यातली माणसं गोठलेला कॅन गरम पाण्यात ठेवायची. बूच आधी सैल करायचं असतं, पण एवढ्या गोड वासाच्या वस्तूला भ्यायचं कुणी? डोळ्यांवर लावायचा चष्मा वाफेनं धुरकटतो म्हणून खिळ्याला टांगलेला. एका हिवाळ्यात आबांनी बूच फिरवलं, आत कोंडलेल्या वाफेनं ते उडालं आणि फिनोन डाव्या डोळ्यात गेला.

नळ समोरच होता. पंधरा-वीस मिनिटं डोळ्यावर पाण्याची धार धरायची, एवढंच करायचं होतं. आबांनी पाण्याचे दोन हबके मारले, रुमाल बांधला आणि घर गाठलं. कारण घरी आई होती.

आईकडं डोळ्याच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, एरंडेल. माझ्या डोळ्यात मिरची गेली, एरंडेल. उसाचं पाचट लागलं, एरंडेल. दुखऱ्या डोळ्याला पाणी लावायचं नाही म्हणजे नाही. तिनं आबांचं डोकं मांडीवर घेतलं, एरंडेल सोडलं, वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. "गार वाटतंय का?" असं तिनं विचारलं आणि "लय गार" असं ते म्हणाले. हे तिनंच नंतर शेजारणींना पुन्हा पुन्हा सांगितलं.

मी तेव्हा कॉलेजला होते आणि नेमकी इंदापूरला मामाकडं गेले होते. परत येऊन पट्टी सोडली तर डोळ्यात पू. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लगेच भरपूर पाण्यानं धुतला असता तर डोळा वाचला असता. फिनोन तेलात सहज मिसळतो. एरंडेलानं तो आत धरून ठेवला आणि पट्टीखाली जखम चिघळली. आई औषध आणायला गेली होती. आबांनी माझं मनगट धरलं. "पोरी, ह्यातलं अक्षर तुझ्या आयच्या कानावर जाता कामा न्हाय. जल्मभर सोताला खाईल ती."

डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्यानं दिसायचं बंद झालं, ते कायमचंच. त्यानंतर आबा रखवालीला लागले आणि कपड्यांचा वास गेला. आई येईल त्याला सांगायची, "येरंडेल घातलं म्हणून उजवा तरी ऱ्हायला." आबा मान हलवायचे, "व्हय, हिच्यामुळंच." मला इतका संताप यायचा, की मी उठून परसात जायची. कुणावर संतापायचं तेही कळायचं नाही.

माझं लग्न इंदापूरला झालं. दशक सरता सरता आबा गेले, आणि आई थोडे दिवस माझ्याकडं राहायला आली. एकदा मी ठेचा करत होते. माझ्या लेकीनं ठेच्यात हात घातला, तोच डोळ्याला लावला आणि भोकाड पसरलं. मी उठायच्या आत आईनं तिला काखोटीला मारलं, मोरीत नेलं आणि नळाची धार डोळ्यावर धरली. पोर ओरडतंय, पण ही सोडायला तयार नाही. फडताळात एरंडेलाची बाटली होती. तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

पोरगी शांत झाल्यावर मी विचारलं, "आई, पाणी?"

"डाक्टर बोलत हुता तवा मी दारातच हुते," ती म्हणाली. "चिठ्ठी इसरले म्हणून माघारी आले हुते."

"मग एवढी वर्षं एरंडेलाचं कौतुक का सांगत होतीस?"

"त्यांनी माझ्यापायी लपवलं हुतं. मला ठावं हाय ह्ये कळलं असतं, तर झुरले असते." तिनं लेकीचं तोंड पदरानं पुसलं. मग मोरीच्या कट्ट्यावरच बसली.

"लय गार वाटतंय, म्हणाले हुते गं," ती म्हणाली.